न झडणारी लोंबी

पूर्वी शालवती नगरीत राजा वीरबाहू राज्य करीत असताना, म्हणजे बहुतेक वेळ जांभया देत असताना, बोधिसत्त्व उंदराच्या कुळात जन्मले होते. हसू नका. मागच्या जन्मी आपण कोण होतो हे कोणी सांगत नाही, म्हणून तुमची-आमची अब्रू शाबूत आहे.

त्या राज्यात भाताला आई मानत आणि आईच्या अंगाला पातं लावायचं नाही अशी रीत होती. म्हणून लोक पिकलेलं भात टोपलीवर वाकवून काठीनं झोडपत. आईला झोडपलेलं चालायचं! जो दाणा चटकन झडे तो टोपलीत पडे आणि तोच पुढच्या साली पेरला जाई. त्यामुळे भात वर्षागणिक अधिकच झडकं होत गेलं.

एका साली झोडणीच्या तोंडावर वादळ आलं. सगळा दाणा चिखलात गेला. उंदरांची चंगळ झाली आणि माणसांच्या चुली विझल्या. सोमिल नावाचा शेतकरी कुदळ घेऊन उंदरांच्या बिळाशी आला. घरात त्याची सून नुकतीच बाळंत झाली होती आणि तिच्या पेजेला मूठभर धान्य नव्हतं.

बोधिसत्त्व स्वतःच चार लोंब्या ओढत बाहेर आले. "कुदळ ठेव, बाबा. हा चिखलातला दाणा सुनेला ने. पण या लोंब्या शिजवू नकोस, पेर."

"यात काय एवढं, उंदीरमामा?"

"बांधावर एकच रोप वेगळं निपजलं. कसं ते मलाही कळलं नाही. वादळातही त्याचा दाणा हलला नाही."

आतून उंदरीण कडाडली, "अहो शहाणे! दाणा झडतो म्हणून आपलं पोट भरतं. उद्या झडायचा थांबला, तर पोरांना काय माती चारू?"

"ठाऊक आहे मला," बोधिसत्त्व म्हणाले. "पण त्याच्या घरातही पोर आहे."

सोमिल घुटमळला. "हे झडणार नाही म्हणजे कापावं लागेल. आईला पातं कसं लावू?"

"मी रोज दातांनी कापतो. आई मला अजून काही बोललेली नाही."

सोमिलनं पेरलं, विळ्यानं कापलं, त्यातलंच पुन्हा पेरलं. हळूहळू साऱ्या राज्याच्या कणग्या भरल्या. उंदरांचे मात्र हाल होऊ लागले. तेव्हा सोमिलनं बिळापुढची एक पट्टी न कापता उभी सोडली, आणि दर सुगीला सोडत राहिला. उंदरीण लोंबी कुरतडत कुरकुरली, "मेला दाणा सुटता सुटत नाही!" पण पोरांना पोटभर खाताना पाहून ती गप्प झाली. उंदरीण गप्प झाली, हाच त्या काळचा मोठा चमत्कार.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली, कारण भिक्षू कुंडल भिक्षेतल्या जाड्या भाताकडे पाहून नाक मुरडत होता. शास्ता म्हणाले, "कुंडल, तो सोमिल तू होतास. उंदरीण म्हणजे हा भात रांधून आणणारी सुमंगला आजी. आणि तो उंदीर मीच."

"तरीच माझे दात इतक्या लवकर पडले!" आजी म्हणाली.

कुंडलानं पात्राबाहेर सांडलेलं शीत उचललं, कपाळाला लावलं आणि खाल्लं. आपलं घटणार हे ठाऊक असून देणं ही दानपारमिता. आणि घास घेताना ते देणाऱ्याला आठवणं ही कृतज्ञता.