राहीची मोजशिळा

सोनकी नदी आंबेटाकीच्या खाली वळते, तिथे एक डोह आहे आणि त्याच्या काठाला एक जुना करंज. करंजाच्या खोडात इतके गळ ठोकलेले आहेत की साल दिसत नाही; काही गंजून काळे पडलेले, काही गेल्याच वर्षीचे. झाडाखाली पाण्यालगत एक लांबट, सपाट शिळा आहे. पाहुणे तिच्यावर बसून फोटो काढायला लागले की भोईवाडीचे दगडूआबा त्यांना उठवतात. "ती बसायची न्हाई, मोजायची हाय," म्हणतात. गाडीच्या टपावर कुणी हौसेने गळाच्या काठ्या बांधून आणल्या असतील, तर पुढची गोष्ट आबा जरा जास्तच तापून सांगतात.

गोष्ट इनामदारांच्या अमलातली. किती पिढ्या झाल्या ते कुणाला ठाऊक नाही, पण राणोजीराव इनामदार हे नाव वाडी विसरलेली नाही. त्या काळी डोहात खडस मासा उदंड होता, तळहाताएवढ्या खवल्यांचा. मृग लागला की गाभोळीने जड झालेल्या माद्या डोहातून वर, उथळ वाळूच्या धावेकडे चढत आणि तिथे अंडी घालत. त्या दिवसांत भोई आपली जाळी आढ्याला टांगून ठेवत. घरात चूल पेटो न पेटो, गाभोळीची मासळी धरायची नाही, हा त्यांचा दंडक होता. आणि ती धाव नेमकी कुठे आहे, हे ते घरच्या जावयालाही सांगत नसत.

ते सांगितले धुळोजीने. धुळोजी म्हणजे भोयांचा म्होरक्या, राहीचा नवरा. राणोजीरावांना गळाचा नाद होता. पोटासाठी नव्हे, त्यांना काय कमी होते? पाहुणे बोलवायचे, मोठ्यात मोठा मासा ओढायचा, या शिळेवर आडवा टाकून वितीने मोजायचा, वाहवा घ्यायची आणि तो तिथेच कुजू द्यायचा. एका पावसाळ्यात मनासारखा मासा लागेना, तेव्हा त्यांनी धुळोजीला बोलावले आणि चारचौघांत त्याच्या डोक्याला पागोटे बांधले. तेवढ्याने गडी विरघळला. फुशारकीच्या भरात त्याने इनामदारांना थेट धावेवर नेऊन उभे केले.

मग तीन पावसाळे शिळेवर माद्या पडत राहिल्या. फुटल्या पोटातून गाभोळी ओघळून दगडावर वाळायची. चौथ्या वर्षी घटस्थापना झाल्यावर भोयांनी जाळी टाकली, तर वर आला नुसता पालापाचोळा. राहीने तीनदा जाळे झटकून पाहिले म्हणे. वाडीत सत्तावीस चुली, तिच्या स्वतःच्या दोन पोरी, आणि अख्ख्या डोहात उरली होती एकच म्हातारी मादी. ती गेली की खडस संपला, आणि त्याच्यामागे वाडीही.

पुढच्या मृगाला इनामदारांचा सांगावा आला की उद्या पाहुण्यांसह येतो, त्या म्हातारीलाच काढू. राहीचे डोके फिरले. तिने खुंटीवरचे पागोटे ओढून चुलीत घातले. "ह्ये डोक्याला बांधलंस आन पोरींच्या तोंडचा घास काढून दिलास," एवढेच ती नवऱ्याला म्हणाली आणि तडक राणोजीरावांच्या दारात गेली. हा एक पावसाळा सोडा, म्हणून तिने हात जोडले. इनामदार हसले.

"नदी आमच्या इनामात आहे, राही. मासे काय तुझ्या माहेराहून आलेत?"

"न्हाई सरकार," राही म्हणाली, "पर हितनं फुडं त्यांच्यावरचा गळ माझ्यावर."

सकाळी डोहाकाठी गर्दी जमली. राणोजीरावांनी गळ टाकला आणि तो लागलीच जड झाला. असे सांगतात की दोरी ओढता ओढता त्यांचे तळवे सोलून निघाले आणि पाहुणे शाबासकी देऊन थकले. शेवटी पाणी फुटले आणि वर आली ती राही. गळ तिच्या खालच्या ओठातून आरपार गेला होता. ती आपल्या पायांनी चालत आली, शिळेवर आडवी झाली आणि रक्ताळल्या तोंडाने म्हणाली, "मोजा सरकार. माशाला मोजता तसं मोजा. मग सोडायचं का कुजवायचं, त्ये ठरवा."

राणोजीरावांनी हात पुढे केला, पण वीत उघडेना. बोटे मुठीतच वळली, आणि ती मूठ मरेपर्यंत सुटली नाही म्हणे. राहीने गळ आपल्या हाताने उपसला आणि दगडाने करंजात ठोकला. मग पाहुण्यांचे ठोकायला लावले, भोयांचेही. त्या पावसाळ्यात म्हातारी मादी धावेवर चढली. डोह पुन्हा भरायला सात वर्षे लागली. तोवर राही धुळोजीशी एक शब्द बोलली नाही, आणि वाडीनेही तिला समजवायला कुणाला पाठवले नाही.

आजही मृगापासून घटस्थापनेपर्यंत डोहात ना जाळे पडते ना गळ. मृगाच्या आदल्या दिवशी जो तो आपला गळ करंजात ठोकतो, आणि पहिला मान, खरे तर पहिली शिक्षा, इनामदारांच्या घराची असते. एवढे असूनही कुणी हौशी सापडतोच. त्याला मारत नाहीत, दंड करत नाहीत. शिळेवर आडवा घालतात आणि वाडीतली सर्वांत म्हातारी बाई त्याला टाचेपासून टाळूपर्यंत वितीने मोजते, एकेक वीत गावाला ऐकू जाईल अशी ओरडून. गेल्या श्रावणात शहरातला एक बडा माणूस भरला पावणेआठ विती. ओळख सांगत होता, फोन लावत होता. म्हातारीने त्याच्या पोटावर हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "ह्याच्यात गाभोळी न्हाई. तरी सोडा. राहीला सोडताना गाभोळी इचारली व्हती का कुणी?"

आणि त्याला बुटांसकट डोहात सोडले.