घळसासीकाकांची गंगा

दोष घळसासीकाकांचाच होता. त्यांच्या न्हाणीघराचं पाणी खाली भाडेकरू उल्काच्या स्वयंपाकघरात टपटपत होतं. पण दुरुस्ती करतील तर ते घरमालक कसले!

"माझी न्हाणी ठणठणीत कोरडी आहे," काका म्हणाले. "पोरी, ही साक्षात गंगा!" आणि थेंबाखाली स्वतःच पिंडी आणून ठेवली.

संध्याकाळपर्यंत ओट्यासमोर रांग लागली. सगळी पिकल्या केसांची माणसं, पण प्लंबर एकालाही सुचेना. उल्काचा कुकर जिन्यात गेला.

"हे आता देवस्थान," काकांनी फर्मावलं. "तू दुसरी खोली बघ."

उल्काने हात जोडले. "बघते की, काका. पण गंगेचं खरं दर्शन उगमाला. माझ्याकडे नुसता घाट आहे, उगम वर आहे!" मग रांगेकडे वळली. "चला मंडळी, चपला इथंच काढा."

अख्खी रांग जिना चढून काकांच्या न्हाणीघरात घुसली. "अहो, इथं काही नाही!" काका बोंबलत राहिले. तेवढ्यात आपटेआजींनी भक्तिभावाने नारळ फरशीवर आपटला. आधीच भिजून पोकळ झालेली फरशी खचली आणि खालच्या फुटक्या पाइपाचं पाणी सगळ्यांच्या तोंडावर उडालं.

उल्का त्याच खोलीत राहिली. काकांना अख्खं न्हाणीघर नव्याने बांधावं लागलं.