गुणाजीचा चार दिवसांचा स्वयंपाक

नदीकाठच्या एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा नवरा राहत होता, आणि त्याच्या बायकोला, येसूला, पहिल्यांदा खटकलं ते एवढंच: चुलीवर आमटी होती आणि वास येत होता कापडाचा.

येसूचा पाय घाटावर मुरगळला होता. वैद्यांनी लेप लावून बजावलं होतं, चार दिवस पाय जमिनीला टेकायचा नाही. म्हणून ती ओसरीवर बाजेवर, आणि गुणाजी आत चुलीपाशी. येसू मुळातच भित्री. वाटी पडली तरी छातीवर हात ठेवायची. त्यात आता आतलं काही दिसायचं नाही. नुसतं ऐकू यायचं आणि वास यायचा.

"अहो, वास कसला येतोय?"

"धोतराच्या सोग्याचा."

"आणि आमटी?"

"ती अजून व्हायचीय. सोगा आधी झाला."

येसू किंचाळली, तेव्हा त्याने सोगा आमटीत बुडवून विझवला.

मग तिने समजावलं, "चुलीपाशी सैल कापड चालत नाही हो. लोंबतं दिसलं की घट्ट बांधून टाकायचं."

"बांधीन," गुणाजी म्हणाला. त्याने मान डोलावली की येसूला दर वेळी वाटायचं, कळलं.

दुसऱ्या दिवशी दूध तापत होतं. मागल्या दारातून शेजारच्या ठकूकाकूंनी हाक मारली, "गुणाजी, विरजण आहे का रे?" गुणाजी दूध सोडून गेला. काकूंना विरजण दिलं. काकूंचा पदर लोंबत होता. त्याने तो दोन गाठी मारून दाराच्या कडीला बांधला. काकू निघाल्या. पदर निघेना.

"मेल्या, सोड! इथं कुठं चूल आहे?"

"तुमच्या घरी असेलच की, काकू."

तोवर आत दूध उतू गेलं, चूल विझली आणि घरभर राख उडाली.

"चुलीवर काही असलं की जागचं हलू नये!" येसू ओसरीवरून म्हणाली. "कुणी कितीही हाका मारो, ओ द्यायची नाही. आधी भांडं उतरवायचं, मग ओ द्यायची."

"आणि तू हाक मारलीस तर?"

"मी मारली तरी नाही!"

हे ती रागाच्या भरात बोलून गेली. पुढे तिला ते फार आठवलं.

तिसऱ्या दिवशी ठकूकाकूंची समजूत काढायला भजी करायची ठरली. थोड्या वेळाने ओसरीवर धूर आला.

"अहो, तेल जळतंय का?"

उत्तर नाही.

"अहो!"

उत्तर नाही. गुणाजी जागचा हलला नव्हता, ओ देणार नव्हता. तेलाने पेट घेतला, तेव्हा त्याने बसल्या जागेवरूनच तांब्याभर पाणी ओतलं. जाळ आढ्याला पोचला. गुणाजीच्या भुवया गेल्या. येसूच्या किंकाळीने काकू धावत आल्या. आज त्यांनी पदर घरूनच खोचून आणला होता. त्यांनी कढईवर परात उपडी घातली आणि जाळ बसला. गुणाजीने विझलं का बघायला नुसत्या हाताने परात उचलली. मग दोन्ही हात गार पाण्यात घालून बसला.

येसू रडकुंडीला आली. "इतक्या तापलेल्यावर पाणी ओततात होय? पाणी थेंबभरही नाही! वरून झाकण घालायचं आणि गार होईस्तोवर काढायचं नाही. आणि तापलेल्याला हात नाही लावायचा. सांडशीनं धरायचं!"

गुणाजीने भाजलेल्या बोटांवर मोजलं. बांधायचं. हलायचं नाही. पाणी नाही. झाकण. सांडशी. "पाचही पाठ झाले," तो म्हणाला.

भुवयांची बातमी येसूच्या माहेरी पोचायला एक रात्र पुरली. चौथ्या दिवशी ऐन दुपारी तिचे वडील, आबा, तीन कोस उन्हातून पायी येऊन उभे राहिले. वाटेत वहाणेचा अंगठा तुटलेला, उपरणं खांद्यावरून लोंबतंय.

"बोचकं बांध, येसू. हा माणूस एक दिवस तुला जाळून मारील. गाडी येतेय मागनं."

"नको ना, आबा. माझा लेप तेच बदलतात. दुखू नये म्हणून फुंकर घालत बसतात. आणि आता सगळं शिकलेत हो! आत जाऊन बघा तरी."

"बघतो. एक चूक दिसली, की तू गाडीत."

आबा आत गेले. येसूने डोळे घट्ट मिटले आणि कान उघडे ठेवले.

"या आबा, पाया पडतो. अरे देवा! पाय केवढे तापलेत!"

"उन्हातून आलोय, जावईबापू. आधी पाणी द्या."

"पाणी? थेंबभरही नाही!"

"अहो, घसा सुकलाय..."

"भडका उडेल, आबा. माझ्या भुवया बघा."

मग सांडशी खणखणली. "कान! अहो, कान सोडा!" मग, "उपरणं खांबाला का बांधताय?" मग चुलीमागच्या चारही कोंबड्या ओरडत ओसरीवर आल्या. त्या नेहमी मोठ्या डालग्याखाली झाकलेल्या असायच्या. येसूच्या मनात आलं, कोंबड्या इथं, तर डालगं कुणावर?

धप्प असा आवाज झाला. मग चुलीवर पातेलं चढवल्याचं ऐकू आलं.

"अहो!"

उत्तर नाही.

"आबा!"

खोलातून कुणीतरी कण्हल्यासारखं झालं.

"अहो, काय केलंत? बोला ना!"

आतून फक्त पळीचा आवाज येत होता. खीर ढवळली जात होती. मी मारली तरी नाही, येसूला आठवलं, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. लांबून गाडीच्या घुंगरांचा आवाज यायला लागला. घुंगरं जवळ आली. वळणावर आली. दारात थांबली. येसूने वैद्यांचा शब्द मोडून पाय जमिनीला टेकवला आणि जीव एकवटून हाक मारली, "अहोऽऽ!"

आत पातेलं उतरवल्याचा आवाज झाला.

"ओ!" गुणाजी म्हणाला. "खीर झाली बघ. आबा म्हणतात, लेक सुखानं इथंच राहू दे, पण झाकण काढा. काढू का गं? पाय अजून कोमट लागतायत."