कोलंबोवरून टोरांटो

एकदा एका गुरूंना त्यांचा शिष्य विमानातून झोपवून घेऊन निघाला. बसवून नव्हे, झोपवून. गुरूंना मात्र त्या साऱ्या वाटेत झोप लागली नाही.

गुरुजी नदीकाठच्या एका लहान गावात राहत. आयुष्यभर त्यांनी मुलांना संस्कृत शिकवलं आणि कुणाकडे कधी हात पसरला नाही. पत्नी गेल्यावर घरात बोलणारं कुणी उरलं नाही. एकुलती लेक शकुंतला लग्न होऊन टोरांटोला गेली होती. तिनं बापाचा व्हिसा काढून ठेवला होता, एकदा संपला तर पुन्हा काढला होता. "बाबा, या हो एकदा," ती म्हणायची. गुरुजी म्हणायचे, "येतो गं, उन्हाळा सरू दे." मग म्हणायचे, "पाऊस सरू दे." असे ऋतू सरत गेले आणि लेकीचे केस पिकले. बापांची ही रीत मी फार घरांत पाहिली आहे. लेकीकडे जायला त्यांना मुहूर्त सापडत नाही.

शिष्याचं नाव दिगंबर. लहानपणी तो गुरुजींच्याच घरी राहून शिकला. शकूताईनं वाढलेल्या ताटावर तो मोठा झाला, भाऊबीजेला तिनंच त्याला ओवाळलं. पुढे पुण्यात त्यानं यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यापार मांडला, देशोदेशी फिरू लागला. माणूस सालस, निर्व्यसनी. नाद एकच. विमानात उंची वर्गात, खुर्चीचा पलंग होतो त्या बिझनेस क्लासमध्ये बसायचं, आणि तेही साध्या तिकिटाच्या भावात.

हे कसं जमतं, ते तो येईल त्याला हौसेनं सांगे. सरळ गेलात तर महाग, वाकडे गेलात तर स्वस्त. मुंबईहून टोरांटोला आडवं होऊन जायला जे पडतं, त्याच्या तिसऱ्या हिश्शात कोलंबोहून जाता येतं. कोलंबोहून निघालेला माणूस वाटेत मुंबईतच विमान बदलतो आणि तिथून पुढे सगळं तेच असतं, खुर्चीसुद्धा. फक्त सुरुवात कोलंबोत झाली पाहिजे. अट एकच, तिकिटाचे तुकडे, म्हणजे वाटेतले टप्पे, ओळीनं पुरे करायचे. मधला एक गाळला की पुढचे सगळे रद्द. लोक ऐकून थक्क होत आणि दिगंबर सुखावे. दारुड्याला निदान घरचे चार शब्द सुनावतात. स्वस्ताईची नशा करणाऱ्याचं सगळे कौतुकच करतात.

एके दिवशी टोरांटोहून जावयाचा फोन आला. शकूचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. तिनं ते इतके दिवस बापापासून लपवलं होतं. "डॉक्टर महिन्याची आशा देतात," जावई म्हणाला, "पण ती रोज विचारते, बाबा निघाले का."

गुरुजींनी दिगंबरला बोलावलं. म्हणाले, "मला शकूकडे ने."

दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच संध्याकाळी त्यानं तिकिटं शोधली. दुसऱ्याच दिवशीचं एक विमान होतं, पण त्यात मागच्या साध्या खुर्च्या होत्या. गुरुजींना तास दीड तास पाय खाली सोडून बसलं की पावलं सुजत, गुडघे धरत. एवढा लांबचा प्रवास त्या खुर्चीत? त्याचा जीव होईना. आणि मग त्याला ते सापडलं, जे त्याला नेहमी सापडायचं. चार दिवसांनी, कोलंबोहून. दोन पलंग, साध्या खुर्चीच्या भावात.

"गुरुजी, राजासारखे झोपून जाल!" तो म्हणाला. लहानपणी श्लोक न चुकता म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळायचा, तसा उजळला होता.

"झोपून," गुरुजी म्हणाले. "बरं."

आता तुम्ही म्हणाल, यात त्याचं काय चुकलं? म्हाताऱ्या गुरूच्या पायांची काळजी केली, हे का पाप आहे? नाही. पुढे ऐका.

ठरल्या दिवशी दोघं मुंबईहून कोलंबोला गेले. रात्र तिथे काढली. सकाळी पुन्हा विमानात बसले. या विमानात गुरुजींना ऊन पाण्याचा रुमाल मिळाला, सरबत मिळालं, पाय पसरायला जागा मिळाली. समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर एक लहानसं विमान सरकत होतं. गुरुजी त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. विमान उतरलं. बाहेरच्या पाट्या त्यांनी वाचल्या आणि ते थबकले.

"दिगू, ही मुंबईच की रे."

"हो, गुरुजी."

"काल आपण इथूनच निघालो ना?"

"हो. पण आता आपण कोलंबोहून आलो आहोत." दिगंबर हसला. "गंमत हीच आहे, गुरुजी. विमानवाल्यांच्या लेखी आपण आता कोलंबोचे."

गुरुजी हसले नाहीत. "आणि शकूच्या लेखी?" असं त्यांच्या ओठांवर आलं असावं.

पुढच्या विमानाला अवकाश होता. उंची वर्गाच्या लोकांसाठी विमानतळावर वेगळं दालन असतं, त्याला लाउंज म्हणतात. तिथे बसले असताना जावयाचा फोन आला.

"शकूला धाप लागतेय. कुठवर आलात?"

"वाटेतच आहोत, भावोजी."

"म्हणजे कुठे?"

"मुंबईत."

जावई म्हणाला, "मुंबईत? अहो, काल मुंबईहूनच निघालात ना तुम्ही? मी तिला सांगून बसलोय, बाबा निम्म्यावर आलेत म्हणून."

दिगंबरनं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. त्यानं फोनमध्येच पाहिलं, अर्धा दिवस आधी पोचवणारं एक विमान थोड्या वेळानं सुटणार होतं. मागच्या रांगेत जागा होत्या. पण त्यात बसायचं म्हणजे हे सगळं तिकीट मोडणार, परतीचंही जाणार, सामान तर आधीच पुढे गेलेलं. त्यानं गुरुजींच्या सुजऱ्या पावलांकडे पाहिलं आणि मनाला सांगितलं, हे त्यांच्या पायांसाठी. डॉक्टरांनी महिना सांगितलाय की. मन फार आज्ञाधारक असतं, हवं ते सांगितलं की लगेच ऐकतं.

पुढचा टप्पा इस्तंबूलचा. विमानातल्या बाईनं गुरुजींचा पलंग घालून दिला, वर पांढरी चादर, उशी, मऊ पांघरूण. "झोपा, गुरुजी," दिगंबर म्हणाला, आणि स्वतः आडवा झाला. दोन दिवसांची धावपळ होती, त्याला गाढ झोप लागली. मध्येच जाग आली तेव्हा त्यानं पाहिलं, गुरुजी त्या पलंगाच्या काठावर ताठ बसले होते. पाय खाली सोडलेले. पावलं सुजलेली. डोळे पडद्यावरच्या त्या लहानशा विमानावर.

"गुरुजी, आडवे व्हा ना. त्यासाठीच तर घेतलंय."

"होतो," गुरुजी म्हणाले, आणि झाले नाहीत.

इस्तंबूलला उतरले तेव्हा तिथे उजाडलं होतं. पुढच्या विमानाला दुपारपर्यंत वेळ होता. स्वस्त तिकिटात असा वेळ पोटभर मिळतो. तिथलं लाउंज म्हणजे राजवाडाच. खांब, कारंजं, कोवळं ऊन, आणि एका बाजूला खाण्याच्या पदार्थांनी भरलेली लांबच लांब मेजं. दिगंबरनं फोन चालू केला. जावयाचे आठ फोन येऊन गेले होते. त्यानं उलट लावला, ऐकलं, आणि भिंतीला टेकला.

गुरुजींना सांगावं लागलं नाही.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"आपण हवेत असताना."

"काही बोलली?"

"भावोजी म्हणाले..." दिगंबरचा आवाज फुटला. "म्हणाले, ती सारखी दाराकडे बघत होती."

गुरुजी खुर्चीचा हात धरून बराच वेळ उभे राहिले. रडले नाहीत. मग सावकाश पावलं टाकत ते त्या मेजांकडे गेले. दिगंबरला वाटलं, पाणी घ्यायला गेले असतील. पण गुरुजींनी ताट उचललं. त्यात त्यांनी ऊन ऊन रोटी घेतली, अंजीर घेतले, खजूर घेतले, मधात भिजलेली पिस्त्याची मिठाई घेतली. एक नाही, चार तुकडे. ताट भरून आणून त्यांनी दिगंबरच्या पुढ्यात ठेवलं.

"जेव."

दिगंबर बघतच राहिला. मृत्यूची वार्ता आली की चूल पेटवू नये, देहाला अग्नी मिळेपर्यंत घास घेऊ नये, हे याच गुरूंनी त्याला शिकवलं होतं. आणि ते आज, पोटची लेक गेली असताना, गोड वाढत होते. म्हाताऱ्याचं चित्त तर ठिकाणावर नाही?

"गुरुजी, सुतक..."

"जेव म्हणतो ना! इथे दाम पडत नाही. हवं तेवढं घे."

गुरूची आज्ञा. दिगंबरनं मिठाईचा तुकडा तोंडात घातला. तो तोंडातच फिरत राहिला. त्यानं गिळायचा प्रयत्न केला, ठसका लागला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. "नाही उतरत, गुरुजी. नाही उतरत घशाखाली."

गुरुजी त्याच्या शेजारी बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"नाही ना उतरत? मिठाई वाईट नाही. ताजी आहे, फुकट आहे, आणि मी मायेनं वाढली आहे. तरी उतरत नाही, कारण या घटकेला ती तुला नको आहे. दिगू, निघाल्यापासून तू मला असंच वाढतो आहेस. गादी, उशी, रुमाल, सरबत. मला एकही गोष्ट उतरत नव्हती. तू सगळं विचारलंस, कुठून स्वस्त, कुठे पलंग, कुठे थांबा. एवढंच विचारलं नाहीस, गुरुजी, तुम्हाला कसं जायचंय? मी म्हणालो असतो, उभ्यानं ने. पण आज ने."

दिगंबरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"थांब, माझंही ऐक," गुरुजी म्हणाले. "मुंबईत परत उतरलो तेव्हाच मला सगळं कळलं होतं. मी तुला तिथेच हाताला धरून सांगायला हवं होतं. पण तुझा चेहरा इतका फुलला होता, की मला बोलवेना. तू माझे गुडघे सांभाळलेस, मी तुझं मन सांभाळलं. आपण दोघंही चांगलेच वागलो, बाळा. शकूच्या वाट्याला मात्र कुणी आलं नाही."

दिगंबर ताडकन उठला. फोन घेतला, बोटं भराभर चालवली. "गुरुजी, आत्ता एक विमान आहे! तासाभरात सुटतंय, दोन खुर्च्या आहेत मागे. सामान राहू दे, तिकीट मोडू दे, आग लागो त्या तिकिटाला. उठा गुरुजी, पळत जाऊ, मिळेल आपल्याला!"

गुरुजींनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"बस," ते म्हणाले. "आता कशाला धावायचं? आता ती थांबेल."

आजूबाजूला लोक खात होते, हसत होते, मुलं कारंज्यात हात घालत होती. त्या गजबजाटात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसून राहिले. ताट तसंच भरलेलं होतं. एक कामगार बाई आली, तिनं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि न विचारता ते उचलून घेऊन गेली.

दुपारी विमान निघालं. खाली समुद्र लागला. दिगंबरनं पलंग उघडला नाही, गुरुजींनाही झोपा म्हणाला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं हळूच विचारलं, "गुरुजी, तुम्हाला काय हवंय?"

गुरुजींनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"माझ्याशी तिच्याबद्दल बोल," ते म्हणाले. "घरात तिची आठवण काढायलासुद्धा कुणी नसतं रे."

मग दिगंबर बोलू लागला. शकूताईनं त्याच्या पानातली कारल्याची भाजी गुपचूप स्वतःच्या पानात कशी ओढून घेतली होती, ते त्यानं सांगितलं. हे गुरुजींना ठाऊकच नव्हतं. "असं?" ते म्हणाले. "तिलासुद्धा कारलं आवडत नव्हतं." आणि इतका वेळ कोरडे राहिलेले ते डोळे तिथे, ढगांच्या वर, भरून वाहू लागले. शिष्यानं रुमाल पुढे केला नाही, धीर दिला नाही. तो नुसता जवळ बसून राहिला, आणि गुरुजींना तेवढंच हवं होतं.

ज्याची सेवा करता, त्याला आधी विचारा बाबांनो, आणि त्याचं उत्तर तुमच्या हौसेवर पाणी ओतणारं असलं, तरी तेच करा.