काठीचा गुन्हा आणि ठकूचा न्याय

देवझरी संस्थानात चेंडू चुकला की काठीला शिक्षा होई, आणि काठी हातात देणाऱ्याला हद्दपारी! आज हद्दपारीची पाळी भागोजीवर आली होती.

अप्पासाहेब महाराजांना गोल्फचं वेड लागलं होतं. वेड होतं, खेळ नव्हता. दांडगा फटका मारून ते चेंडू कसाबसा मैदानाच्या टोकाशी नेत. तिथं कातरलेली हिरवळ, मधोमध खळगा आणि खळग्यात रोवलेलं निशाण. हिरवळीच्या कडेवरून चेंडू हलकेच उचलून निशाणापाशी ठेवायचा, एवढंच उरे. साहेब लोक त्या नाजूक फटक्याला चिप म्हणत. महाराजांची चिप म्हणजे निव्वळ खोदकाम! पण राजा चुकतो असं म्हणायची त्या दरबारात सोय नव्हती. म्हणून काठी चुकीची ठरे, तिला फटके मारून कोठडीत टाकत, आणि दिवाण रघुत्तमराव गंभीर चेहऱ्यानं निकाल वाचून दाखवत. काठीला फटके! आणि हे लोक स्वतःला शहाणे समजत.

महाराजांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा भागोजी माळी काल असाच अडकला. "उद्याची एक संधी देतो," महाराज गरजले होते. "योग्य काठी दिलीस आणि चेंडू निशाणाला टेकला तर ठीक. नाहीतर संध्याकाळच्या आत बिऱ्हाडासकट सरहद्दीपार!"

भागोजी बिऱ्हाड बांधायला बसला. मग त्याच्या लेकीनं, ठकूनं, पदर खोचला आणि पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. घर सोडायचंच असेल तर निदान भांडून सोडू, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

हिरवळीच्या कडेला महाराज उभे राहिले. मागं दरबारी मंडळी, फटका बसायच्या आधीच "वाहवा" म्हणायला टपलेली. ठकूनं पिशवीतून सात नंबरची लोखंडी काठी काढली.

महाराजांनी नाक मुरडलं. "ही? हिचं तोंड बघ कसं उभं आहे! हिनं चेंडू उडतो कुठं? सरपटतो! मला ती आडव्या तोंडाची दे, आभाळात जाणारी."

"सरकार, निशाण आभाळात रोवलंय का?" ठकू म्हणाली. "म्होरं सगळी सपाट हिरवळ पडलीया. जरासा उचलायचा, की पुढं त्यो आपल्या पायानं चालत जातुया. चालता येतंय त्याला उडवायचं कशापायी?"

"जीभ फारच चालते हिची!" दिवाण फुत्कारले.

"चालू दे. काठी चालते का ते बघू." महाराजांनी काठी घेतली, डोक्यापर्यंत उगारली, जणू साप मारायचाय, आणि दिली ठेवून! मातीचं ढेकूळ निशाणापर्यंत गेलं. चेंडू वीतभर सरकला.

"चुकीची काठी!" महाराज ओरडले.

"साफ चुकीची!" दरबार ओरडला.

"शिपाई! हिच्या घराला कुलूप लावा," दिवाणांनी हुकूम सोडला.

"थांबा की दिवाणसायब!" ठकू पुढं झाली. "म्या चुकीची काठी दिली, कबूल. म्हंजी बरोबर काठी अजून पिशवीतच हाय! सरकारांनी ती सगळ्यांना दावावी. चेंडू निशाणापाशी गेला, की म्या बापाचा हात धरून हितनंच चालू लागते. मागं वळून बघणार न्हाई."

दिवाणांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण महाराजांचा अहंकार आधीच फुगला होता. "अरे, त्यात काय! आण ती आडव्या तोंडाची!"

ती काठी हाती आली. चेंडू उडाला, निशाण ओलांडून पलीकडच्या तळ्याच्या काठावर चिखलात रुतला. "वाहवा!" कुणीतरी सवयीनं म्हणालं आणि जीभ चावली. विलायतेहून आलेला तो महाराजांचा लाडका चेंडू. दिवाण स्वतः धावत जाऊन, धोतराला पुसून, घेऊन आले.

दुसरी काठी काढली. चेंडू वाळूत! दिवाण वाळूत. तिसरीनं तो मागं उडाला आणि खजिनदारांच्या पोटावर आपटला. मग एकामागून एक सगळ्या काठ्या झाल्या. महाराज घामाघूम, दिवाणांची पगडी कानावर, आणि निशाण होतं तिथंच, निवांत फडफडत.

"सगळ्याच चुकीच्या!" महाराजांनी शेवटची काठी आपटली. "सगळ्यांना कोठडीत टाका!"

"टाका की," ठकू शांतपणे म्हणाली. "पर सरकार, दर येळी काठी बदलली. एक जण मातुर बदलला न्हाई. परत्येक फटक्याला त्योच हुता. समदा दोष त्याचाच हाय."

खजिनदार पोट विसरले. कडेला उभ्या भागोजीनं डोळे गच्च मिटून घेतले. शिपायाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"कोण तो?" महाराजांचा आवाज खाली आला होता. "नाव घे त्याचं!"

"ह्यो चेंडू, सरकार!"

"चेंडू?"

"मग वो! मेल्याला सोताची अक्कल म्हणून न्हाई. हुकमाचा ताबेदार निस्ता! मारणारा जसा मारंल तस्साच जातुया! एकदा तरी म्हणावं की न्हाई, सरकार, जरा चुकतंय तुमचं? पर न्हाई! अगदी दरबारात वाढल्यावाणी वागतुया!"

महाराजांनी चेंडूकडे बघितलं. मग धापा टाकणाऱ्या दिवाणांकडे, मग त्या माना डोलावणाऱ्या मंडळींकडे. त्यांच्या मिशा थरथरल्या. आणि ते असे हसत सुटले, की त्यांना काठीचा टेकू घ्यावा लागला! इतक्या वेळात काठीचा एवढा तरी उपयोग झाला. दरबारही हसला, कशाला ते न कळता.

महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं उतरवून ठकूच्या हातात घातलं. "भागोजीला मैदानाची देखरेख दिली, घरासकट, कायमची. कोठडीतल्या काठ्या सोडा. आणि इथून पुढं माझी काठी ही पोरगी निवडेल. दिवाण, काठ्यांचे निकाल आता बंद!"

मग डोळे पुसत ते चेंडूपाशी उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केला.

"ठकू, दे ती सात नंबरची. आणि त्या चेंडूला बजावून सांग, आज माझं अजिबात ऐकू नकोस म्हणावं!"