वैतसाचा शंख

पूर्वी कृतयुगात, हिमवानाच्या पाच शिखरांमध्ये वरुणाने निर्मिलेले एक अथांग सरोवर होते. प्रत्येक शिखरावर एक आश्रम, आणि प्रत्येक आश्रमाच्या स्वाधीन सरोवराचे एक द्वार. पाचांपैकी निदान तीन द्वारे एका आज्ञेने चालली तरच पाण्याचा भार तोलला जाईल, नाहीतर कडा फुटून खालचे जनपद बुडेल, असे वरुणाने बजावले होते. आज्ञेचा अधिकार वृद्ध वैतस ऋषींचा. रोज पहाटे ते शंख फुंकीत. 'मी जागा आहे, माझीच आज्ञा चालते', एवढाच त्याचा अर्थ.

एका पहाटे शंख वाजला नाही. बर्फ वितळत होते, पाणी चढत होते.

शेजारच्या आश्रमाचे पिप्पल मुनी धावत ऋषिका ऋतंभरेच्या आश्रमात आले. "म्हातारा घोरत असेल!"

"किंवा देह ठेवला असेल. किंवा नाद वाऱ्याने गिळला असेल. इथून कसे कळावे, मुने?" ती येरझाऱ्या घालीत म्हणाली. दुपारपर्यंत तिने कान टवकारून वाट पाहिली, मग म्हणाली, "वैतसांच्या आज्ञेचे पहिले पर्व संपले, आता दुसरे. त्याची प्रमुख म्हणून मला होकार देता?"

"एका पर्वात मी एकालाच होकार देतो. तो तुम्हाला दिला."

तिचा स्वतःचा आणि पिप्पलांचा धरून तिसरा होकार एका शुकाने तिसऱ्या आश्रमातून आणला. चौथ्या आश्रमाकडे गेलेला शुक धुक्यातून परतलाच नाही. पण तिघे झाले होते. ऋतंभरेने दुसऱ्या पर्वाचा शंख फुंकला, तीन द्वारे उघडू लागली, आणि त्याच क्षणी वैतसांचा शंख घुमला! ते समाधीत होते.

पाठोपाठ ते पिप्पलांच्या द्वाराशी येऊन ठाकले, ओंजळीत शापजल. "मिट ते द्वार! माझ्या आज्ञेवाचून उघडतोस? शिळा होशील!"

पिप्पलांनी द्वारावरचा हात काढला नाही. "भगवन्, तुम्हाला तिघे हवेत, तिलाही तिघे. आपण पाचच. दोघांनाही तिघे मिळायचे तर मधल्या कोणीतरी फुटून दोन्हीकडे व्हायला हवे. मी फुटलो तर खालची माणसे बुडतील. द्या शाप. शिळेचा हातही हे द्वार सोडणार नाही."

वैतसांनी उघडत्या द्वारातून वाहणाऱ्या पाण्याकडे पाहिले.

"कितवे पर्व चालू आहे?" वैतसांनी विचारले.

"दुसरे."

"माझा शंख पहिल्याचा होता." त्यांनी ओंजळ भूमीवर सोडली. "नवे पर्व कानी पडताच जुन्या पर्वाच्या प्रमुखाने मौन धरावे. हा नियम प्रथम मला लागू."

कलियुगात दूरदूर ठेवलेले संगणक एकमताने चालतात, ते याच नियमाने, असे मला तरी वाटते. त्यांच्यातला प्रमुख इतरांना जागेपणाची खूण देत राहतो. ती थांबली की अर्ध्याहून अधिकांच्या होकाराने नवा प्रमुख ठरतो, आणि परतलेला जुना, नव्या पर्वाचा मोठा आकडा ऐकून गप्प होतो.

पण मौन कधी समाधीचे आणि कधी मृत्यूचे, किती वाट पाहावी, हे वरुणाने कोणालाच सांगितले नाही. म्हणून त्यानंतर वैतस रोज पहाटे आपल्या द्वाराशी उभे राहत, आणि ऋतंभरेचा शंख ऐकू येईपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला असे.