एडक्याची लोकर

माळावर अजून कुंपणं नव्हती, तेव्हाची गोष्ट. बाभळीवरच्या चिमण्या अनाथ पिल्लं सांभाळत. थंडी तोंडावर आली होती आणि घरट्यांत घालायला लोकर नव्हती. चिमण्या मेंढरांतल्या थोरल्या एडक्याकडे गेल्या आणि "पिल्लं गारठून मरतील हो!" म्हणून रडल्या. "दरसाल हेच," म्हणत एडक्याने मान फिरवली.

तेव्हा त्यांनी म्हाताऱ्या कोतवाल पक्ष्याला गाठलं. त्याचा सारा जन्म गुरांच्या पाठीवर गेला होता.

"गेल्या वर्षी लोकर कुणी दिली?" त्याने विचारलं.

"त्यानेच."

"मग त्यानंतर त्याच्याकडे किती वेळा गेलात?"

"काल गेलो, तेवढंच."

"उद्या जा. पण काही मागायचं नाही."

"अहो आजोबा, वारा बघा कसा सुटलाय!" धाकटी चिमणी फांदीवर नुसती नाचत होती. "मागायचं नाही तर जायचं कशाला?"

"सांगायला."

दुसऱ्या दिवशी धाकटी एडक्यासमोर बसली. मागणं सारखं चोचीशी येत होतं, ती ते गिळत होती. "मामा, तुमच्या लोकरीत नऊ पिल्लं वाढली. एक लंगडं होतं, ते जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आत्ता तुमच्या शिंगावर बसलंय ना, तेच."

एडक्याने डोळे वर केले. धाकटीचे पंख फडफडत होते, पण तिने चोच उघडली नाही.

मग एडका उठला आणि बाभळीला अंग घासू लागला. काट्यांना लोकरीचे पुंजके अडकत गेले.

"या वर्षी किती आहेत?" त्याने विचारलं.